बुधवारची सकाळ आणि संपलेला डेटा

प्रश्न: आम्ही ठाण्यात येऊरला राहतो. तारेचे इंटरनेट आमच्या घरापर्यंत आलेले नाही, म्हणून सिमकार्डावर चालणारा ४जी राउटर वापरतो. दिवसाला २ जीबी डेटा मिळतो आणि तो संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. मी घरूनच लहान दुकानदारांची जीएसटीची कामे करते. घरात माझा विंडोज ११चा लॅपटॉप, मुलाचा तसाच लॅपटॉप (त्यावर तो गेमही खेळतो), टॅलीसाठी ठेवलेला २०१६ सालचा विंडोज १०चा डेस्कटॉप आणि चार अँड्रॉइड मोबाइल आहेत. महिन्यातून एकदा तरी, बहुधा बुधवारी, सकाळी जीएसटीचे पोर्टल उघडायला जावे तर दिवसाचा डेटा संपलेला असतो आणि जास्तीच्या डेटाचे व्हाउचर घ्यावे लागते. संगणक दुरुस्त करणारे एक गृहस्थ म्हणतात, अपडेटची सेवाच कायमची बंद करून देतो. ती करून घ्यावी का? मुलगा म्हणतो, मोठी योजना घे. माझे माहेर खारघरला आहे, तिथे फायबर आहे आणि महिन्या-दोन महिन्यांनी माझे जाणे होते. त्याचा काही उपयोग होईल का?
एक कर-सल्लागार, येऊर

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या गृहस्थांना तुम्ही कदाचित या आठवड्यातच बोलावणार असाल. सेवा कायमची बंद करून घेऊ नका. विंडोजमध्ये ही सेवा बंद केली तरी ती पुन्हा सुरू करणारी दुसरी यंत्रणा आत बसवलेली असते. त्यामुळे काही दिवसांनी, तुमच्या नकळत आणि नेमक्या नको त्या वेळी, साठलेले सगळे एकदम उतरू लागण्याची शक्यताच जास्त. समजा ती बंद राहिलीच, तर प्रकरण अधिक गंभीर होते. तुमच्या लॅपटॉपवर इतरांचे पॅन क्रमांक, बँक खात्यांचे तपशील आणि पोर्टलचे पासवर्ड आहेत, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकनही त्यालाच जोडले जाते.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे संगणक कुलूपबंद केले. तो विंडोजमधील ज्या छिद्रातून, म्हणजे सुरक्षेतील त्रुटीतून, शिरत होता ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेले होते. तेच छिद्र, इतर काही वाटांबरोबर, वापरणाऱ्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या व्हायरसने २७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाजवाहतूक समूहाची यंत्रणा ठप्प केली आणि त्याचा फटका आपल्या नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनललाही बसला. तुमच्या व्यवसायाला लागू पडणारी एक गोष्ट इथेच नोंदवतो. ‘नॉटपेट्या’ मुळात पसरला तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्या कंपनीचीच यंत्रणा हल्लेखोरांनी ताब्यात घेतली होती, त्यामुळे तिथल्या वापरकर्त्याच्या हाती फारसे काही नव्हते. परंतु कुठल्याशा संकेतस्थळावरून किंवा कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या दुव्यावरून ‘अपडेट’ घेणे टाळणे मात्र आपल्या हाती आहे आणि ते टाळायलाच हवे.

आता तुमच्या बुधवारचे कोडे. मायक्रोसॉफ्ट आपली मासिक सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी दहा वाजता प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि तिकडे हिवाळी वेळ सुरू असेल तर साडेअकरा. तुमचा दिवसाचा डेटा मध्यरात्री नव्याने भरतो. बरेच नवे लॅपटॉप झाकण मिटून चार्जरला लावून ठेवले तरी आतून जागे राहून अशी कामे उरकतात, आणि तुमच्या घरात असे दोन लॅपटॉप आहेत. राउटर रात्रभर सुरू, डेटा नुकताच भरलेला आणि कोणी वापरत नाही, अशा वेळी दोन्ही लॅपटॉप तीच फाइल स्वतंत्रपणे उतरवतात. सकाळी सात वाजता तुम्ही पोर्टल उघडता तेव्हा उरलेला असतो तो ६४ केबीपीएसचा वेग. त्या वेगाने तासाला २९ एमबीसुद्धा येत नाहीत आणि १ जीबीला जवळजवळ ३५ तास लागतात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठीची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, तो वेग धरला तरी तासाला ९०० एमबी होतात. म्हणजे चार जीबीच्या अपडेटला साडेचार तास तर लागतातच, शिवाय तुमचा दोन दिवसांचा डेटाही जातो.

यात संगणकाचा दोष तसा नाही. तुमचा राउटर सगळ्या उपकरणांना वायफाय म्हणून दिसतो, आणि वायफाय म्हणजे मुबलक व फुकट असे ही उपकरणे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले आहे. नळाला आलेले पाणी पालिकेचे आहे की पैसे मोजून मागवलेल्या टँकरचे, हे नळाला कळत नाही. ते घरातल्या माणसाने सांगावे लागते. विंडोजमध्ये ते सांगण्याची जागा आहे. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडा, वायफायमध्ये जाऊन तुमच्या राउटरचे नाव निवडा आणि त्याच्या गुणधर्मांच्या पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजून मिळणारी जोडणी) हे बटण सुरू करा. तिन्ही संगणकांवर हे वेगवेगळे करावे लागेल. डेस्कटॉप राउटरला वायरने जोडलेला असेल तर तेच बटण ‘इथरनेट’खाली सापडेल. ही खूण त्या-त्या वायफायच्या नावाला चिकटते, त्यामुळे येऊरच्या राउटरवर लावलेली मर्यादा खारघरच्या फायबरवर लागू होत नाही. राउटर बदलला किंवा त्याच्या वायफायचे नाव बदलले, तर मात्र ती पुन्हा लावावी लागते, आणि नेमके हेच लोक विसरतात.

मीटर्ड केल्यावर विंडोज अपडेट आल्याचे दाखवते, पण तुम्ही ‘डाउनलोड’ दाबेपर्यंत बहुतेक अपडेट उतरवत नाही. ‘बहुतेक’ म्हटले, कारण अगदी निकडीची एखादी छोटी गोष्ट ते तरीही उतरवू शकते. फाइल इंटरनेटवर साठवणाऱ्या वनड्राइव्हसारख्या सेवाही मीटर्ड जोडणीवर थांबतात, तेव्हा ग्राहकांची कागदपत्रे तुम्ही तिथे ठेवत असाल तर ती वर गेली आहेत की नाहीत हे अधूनमधून पाहा. याहून महत्त्वाची अडचण विंडोजच्या स्वतःच्या व्हायरसरोधकाची आहे. नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी त्याची माहिती विंडोज अपडेटच्याच वाटेने येते आणि मीटर्ड जोडणीवर तीही मागे पडू शकते. ही माहिती आकाराने लहान असते. दर सोमवारी काम सुरू करण्याआधी ‘विंडोज सिक्युरिटी’मधील व्हायरसविषयक पानावर जाऊन ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ हाताने तपासत जा. ब्राउझरच्या अपडेटच्या आड मात्र येऊ नका. पोर्टल, बँक आणि ईमेल ही तुमची सगळी धोक्याची कामे ब्राउझरमधूनच होतात आणि त्याची अपडेट विंडोजच्या मानाने किरकोळ आकाराची असतात.

मग मोठी अपडेट घ्यायची केव्हा? तुमच्या व्यवसायाचे कॅलेंडरच याचे उत्तर देते. महिन्याचा दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान येतो. जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्राची मुदत मासिक भरणाऱ्यांसाठी ११ तारखेला असते आणि तिमाही पद्धत घेतलेल्यांची १३ तारखेला. म्हणजे अपडेट नेमके तुमच्या धावपळीच्या आठवड्यातच येऊन पडते. जीएसटीआर-३बी या कर भरण्याच्या विवरणपत्राला मासिक भरणाऱ्यांसाठी २० तारीख असते आणि तिमाहीवाल्यांसाठी महाराष्ट्रात २२. तेव्हा २३ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची एखादी रात्र ही तुमची अपडेटची रात्र समजावी. त्याआधी ‘पॉज अपडेट्स’ वापरून एक-दोन आठवडे थांबवण्याची सोय आहेच. विंडोज ११ मध्ये ती पाच आठवड्यांपर्यंत ताणता येते. मात्र मुदत संपली की आधी अपडेट घ्यावे लागते आणि मगच पुन्हा थांबवता येते.

दहा-पंधरा दिवस थांबल्याने धोका वाढत नाही का? थोडा वाढतो. पण थांबण्याचा एक फायदाही आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते उत्पादन घरगुती नव्हते, पण एखादे अपडेट बिघडते तेव्हा त्याचा गवगवा पहिल्या दोन-चार दिवसांतच होतो आणि उशिरा घेणारा त्यातून वाचतो. तुमच्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्या व्यावसायिकाला दोन आठवड्यांचा उशीर मला मान्य आहे, दोन महिन्यांचा नाही. एखाद्या छिद्राचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू असल्याची आणि ते तातडीने बुजवण्याची सूचना सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने दिली, तर २३ तारखेची वाट न पाहता व्हाउचर घ्या आणि त्याच रात्री उरका.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. दोन महिने चुकले म्हणून तिसऱ्या महिन्यात तिप्पट उतरवावे लागेल, असे होत नाही. विंडोजची मासिक अपडेट आधीच्या सगळ्या अपडेटचा समावेश करूनच येतात. तिसऱ्या महिन्याचे घेतले की आधीची दोन त्यातच आली. आणखी असे की महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे तुमच्या ठरलेल्या रात्रीच्याच सुमारास, ‘प्रिव्ह्यू’ असे लिहिलेले एक ऐच्छिक अपडेट दिसू लागते. त्यातले सगळे पुढच्या महिन्याच्या नेहमीच्या अपडेटमध्ये येणारच असते, म्हणून त्याला हात लावू नका. अपडेटच्याच पानावर ‘उपलब्ध होताच नवीन अपडेट मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण आहे, तेही बंद ठेवा. घाईने नवे काही मिळवण्यासारखे त्यात तुमच्या कामाचे काही नाही.

अपडेटच्या रात्री साडेदहा-अकराला बसा. त्या दिवशी वापरून उरलेला डेटा तासाभराने वाया जाणारच असतो, तो आधी कामी येईल आणि बाराला नवा भरेल. काही कंपन्यांच्या काही योजनांमध्ये मध्यरात्रीनंतरचा डेटा मोजला जात नाही किंवा आठवड्यात उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो; तुमच्या सिमच्या योजनेत असे काही आहे का ते तिच्या अटींमध्ये पाहून घ्या. मध्येच वीज किंवा नेटवर्क गेले तरी घाबरू नका. ब्राउझरमधले डाउनलोड तुटले की पुष्कळदा पहिल्यापासून सुरू होते, विंडोज अपडेट मात्र जिथे थांबले तिथून पुढे उतरते. वीज जाण्याचा खरा धोका उतरवताना नसून बसवताना असतो. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपवर यूपीएसशिवाय ‘रीस्टार्ट’ दाबू नये. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो.

तुमच्याकडे दोन लॅपटॉप असल्याने तीच फाइल दोनदा विकत घेण्याचे कारण नाही. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ नावाचे पान आहे. तिथे इतर संगणकांकडून डाउनलोड घेण्यास परवानगी द्या, पण पर्याय ‘माझ्या स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे’ हाच निवडा. इंटरनेटवरील संगणकांचा पर्याय निवडलात तर तुमचा लॅपटॉप तुमच्याच डेटातून अनोळखी लोकांना अपडेट वाटू लागेल. मीटर्ड खूण असताना ही देवाणघेवाण होईलच असा भरवसा नाही, म्हणून अपडेटच्या रात्रीपुरती ती खूण दोन्ही लॅपटॉपवरून काढून टाका. मात्र त्याआधी वनड्राइव्ह आणि गेम थांबवून ठेवा, नाहीतर मोकळे रान मिळाल्यासारखे तेही धावत सुटतील. आधी तुमच्या लॅपटॉपवर पूर्ण डाउनलोड होऊ द्या, मग तो सुरू ठेवून मुलाच्या लॅपटॉपवर अपडेट तपासा. दोघांची विंडोज आवृत्ती एकच असेल तर बराच भाग घरातल्या घरातच येईल. किती आला ते त्याच पानावरच्या ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मध्ये दिसते. पहिल्या खेपेला ते पाहाच, कारण सगळी फाइल अशी येईलच याची खात्री नसते. काम झाले की मीटर्डची खूण परत लावा.

आता खारघर. माहेरचा उपयोग होईल का असे तुम्ही थोड्या संकोचाने विचारले आहे. खरे तर तुमच्या अडचणीवरचा सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे. जाण्याचा दिवस शक्यतो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठेवा आणि लॅपटॉप चार्जरसकट सोबत न्या. तिथल्या वायफायवर मीटर्डची खूण नसल्याने तुम्ही चहा घेईपर्यंत तो स्वतःच कामाला लागलेला असेल. विंडोज, ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर आणि टॅलीची नवी आवृत्ती, सगळे त्या एका दुपारी उरकून घ्या, आणि रीस्टार्टही तिथेच करून सगळे नीट चालते याची खात्री करूनच निघा.

मुलाचा लॅपटॉप नेता आला नाही तर मायक्रोसॉफ्टच्या ‘अपडेट कॅटलॉग’ या अधिकृत संकेतस्थळावरून त्या महिन्याच्या अपडेटची फाइल पेन ड्राइव्हवर घेता येते. त्यासाठी केबी या अक्षरांनी सुरू होणारा अपडेटचा क्रमांक आणि त्याच्या विंडोजची आवृत्ती टिपून न्यावी लागेल. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून एका क्रमांकापुढे कधी कधी एकाहून जास्त फाइल दिसतात. तेव्हा त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये ठेवून मग शेवटची चालवायची. हा मार्ग मी दुसऱ्या पसंतीचा का म्हणतो ते सांगतो. विंडोज अपडेट तुमच्या संगणकावर आधीच काय आहे ते पाहून फक्त लागणारे तुकडे उतरवते, कॅटलॉगमधली फाइल मात्र सगळ्यांसाठीची संपूर्ण असते आणि विंडोज ११ साठी ती काही जीबींची असते. फायबरवर त्याचे काही वाटत नाही. येऊरच्या राउटरवरून ती उतरवणे हा शुद्ध तोटा आहे.

वर्षातून एकदा येणारी नवी आवृत्ती हा वेगळा विषय आहे. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’खाली ‘अबाउट’ पानावर तुमची आवृत्ती पाहा. २४एच२ असेल तर २५एच२ वर जाणे हलके आहे, कारण नव्या गोष्टी मासिक अपडेटमधून आधीच आलेल्या असतात आणि एक छोटी फाइल त्या फक्त सुरू करते. २३एच२ असेल तर संपूर्ण विंडोजच बदलावी लागते. तो कित्येक जीबींचा मामला आहे आणि तो खारघरलाच करावा. फार लांबवू नका, कारण २३एच२ च्या होम आवृत्तीला मिळणारी सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२५ मध्येच संपली.

डेस्कटॉपची मला तुमच्याहून अधिक काळजी वाटते. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी नाव नोंदवल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती अपडेट मिळण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली. त्यात नव्या सोयींचा भार नसल्याने ती २ जीबीच्या हिशेबात बसण्याजोगी असतात. २०१६ सालचा संगणक विंडोज ११च्या प्रोसेसरविषयक अटींत बसत नाही, आणि आडमार्गाने बसवण्याचे प्रयोग ग्राहकांचा हिशेब असलेल्या संगणकावर करू नयेत. माझा सल्ला असा की हा संगणक इंटरनेटपासून तोडून फक्त टॅलीसाठी ठेवावा, पोर्टलवर भरायची फाइल पेन ड्राइव्हने लॅपटॉपवर न्यावी, पेन ड्राइव्ह दर वेळी लॅपटॉपवर तपासून घ्यावा आणि टॅलीचा बॅकअप रोज बाहेर काढावा. टॅलीच्या परवान्याला किंवा एखाद्या सुविधेला इंटरनेट लागले तर तेवढ्यापुरते जोडावे. नवा संगणक घेण्याची ऐपत झाली की पहिला बदल हाच करा.

मोबाइलविषयी थोडक्यात. प्ले स्टोअरमध्ये ‘फक्त वायफायवर अपडेट करा’ हा पर्याय तुमच्या घरात निरुपयोगी आहे, कारण राउटर म्हणजे वायफायच. चारही मोबाइलवर स्वयंचलित अपडेट बंद करा आणि आठवड्यातून एकदा बँकेचे ॲप, यूपीआय, व्हॉट्सॲप व ब्राउझर एवढी चारच हाताने अपडेट करा, उरलेली सावकाश. अँड्रॉइडमध्येही वायफायच्या तपशिलात ते नेटवर्क मीटर्ड मानण्याचा पर्याय असतो, तो लावा. याखेरीज दोन चोर आहेत ज्यांचा अपडेटशी संबंध नाही, पण डेटा तेच खातात: गूगल फोटोजचा बॅकअप आणि व्हॉट्सॲप. वायफाय दिसले की व्हॉट्सॲप सगळे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरवते. कुटुंबाच्या ग्रुपवरची शुभसकाळची चित्रफीत तुमच्या घरात चार वेळा उतरते. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये वायफायपुढच्या चारही खुणा काढून टाका.

मुलाच्या गेमबद्दल त्याच्याशी शांतपणे बोला, पण बोला. एकेका गेमचे अपडेट विंडोजच्या वर्षभराच्या अपडेटइतके मोठे असू शकते आणि ते न घेतल्याने कोणाची सुरक्षा धोक्यात येत नाही. तो गेम उतरवण्यासाठी स्टीम हा प्रोग्रॅम वापरत असेल तर प्रत्येक गेमला ‘सुरू करीन तेव्हाच अपडेट कर’ असे सांगता येते, शिवाय डाउनलोडची वेळ आणि वेग यांवर मर्यादा घालता येते. एकाच वायफायवरच्या दुसऱ्या संगणकात तोच गेम असेल, तर २०२३ पासून स्टीम तो इंटरनेटऐवजी त्या संगणकावरूनही घेऊ शकते. मित्राच्या घरी लॅपटॉप नेऊन गेम भरून आणायला तो आनंदाने तयार होईल असे वाटते.

राहिला योजनेचा प्रश्न. मोठी योजना घेण्याआधी वरील बदल करून एक महिना जाऊ द्या. विंडोजच्या ‘डेटा युसेज’ पानावर गेल्या ३० दिवसांत कोणत्या प्रोग्रॅमने किती डेटा घेतला हे दिसते, आणि अँड्रॉइडमध्येही तशी यादी वायफायसाठी वेगळी मिळते. सातही उपकरणांचे आकडे एका कागदावर मांडा. दिवसाला २ जीबी म्हणजे २८ दिवसांच्या योजनेत ५६ जीबी होतात. गेम वगळून तुमची बेरीज पन्नासच्या पुढे जात असेल, किंवा कामाच्या दिवशी दुपारीच २ जीबी संपत असतील, तर मुलाचे म्हणणे बरोबर आहे आणि वरची योजना घ्यावी. बेरीज चाळीसच्या आत असेल तर आहे तीच योजना ठेवून, ज्या महिन्यात खारघरला जाणे होणार नाही त्या महिन्यात २३ तारखेनंतरच्या एका रात्रीपुरते व्हाउचर घेणे स्वस्त पडेल.